सोमवारी सकाळी सुरू होणारी इम्प्रेझा

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी आलेल्या, आता तिशी-चाळिशीत असलेल्या मराठी मंडळींमध्ये गाड्यांचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं: सुबारू इम्प्रेझा टर्बो. अनेकांनी ती पहिल्यांदा पाहिली ती आपल्याकडच्या सायबर कॅफेत, १९९८ साली आलेल्या ‘कॉलिन मक्रे रॅली’ या गेममध्ये. निळा रंग, सोनेरी चाकं, मागे उडणारा चिखल. इथं आल्यावर कळतं, की गाडी जपानी असली तरी तिचं नाव इथंच मोठं झालं. रॅलीसाठीच्या इम्प्रेझा ऑक्सफर्डशरमधल्या बॅनबरीला प्रोड्राइव्हच्या कारखान्यात तयार व्हायच्या. १९९५ साली स्कॉटलंडचा कॉलिन मक्रे आणि २००१ साली रेडिंगचा रिचर्ड बर्न्स याच गाडीतून जगज्जेते झाले. त्या यशामुळे रस्त्यावरच्या इम्प्रेझाही इथं चांगल्या खपल्या. वीस वर्षांनंतर आजही त्या विकायला दिसतात, पार्ट मिळतात आणि फक्त सुबारूच हाताळणारी गॅरेजं आहेत.

अशी गाडी रोजच्या वापराला घ्यावी का? माझं मत आहे, जरूर घ्यावी. पण मग शोधायचा तो चांगला मालक. इतक्या जुन्या टर्बो गाडीत मॉडेल कोणतं यापेक्षा ती आजवर कोणाच्या हातात होती याला अधिक किंमत आहे. रविवारी डोंगरातून फिरवायला गाडी घेणाऱ्याला थोडी जोखीम परवडते. तुम्हाला सोमवारी सकाळी सात वाजता, फेब्रुवारीच्या थंडीत, ती पहिल्या सेल्फला सुरू व्हायला हवी आहे. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

आधी कोणती घ्यायची ते ठरवू. १९९४ ते २००० या काळात इथं अधिकृतपणे विकली गेलेली जुनी ‘टर्बो २०००’ आता संग्राहकांच्या हातात गेली आहे. चांगली मिळाली तर ती हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावर रोज काढायची नाही, आणि वाईट असेल तर घ्यायचीच नाही. आपल्या कामाची गाडी त्यापुढची: गोल दिव्यांची ‘बगआय’, २००३ पासूनची ‘ब्लॉबआय’ आणि २००५ च्या अखेरीस आलेली ‘हॉकआय’. पहिल्या दोन्हींत दोन लिटरचं इंजिन आहे, हॉकआयमध्ये अडीच लिटरचं. प्रत्येकीत साधी डब्ल्यूआरएक्स आणि तिच्यावरची एसटीआय असे प्रकार आहेत.

ऑफिसला जायला एसटीआय नको, असं मी स्पष्टच सांगेन. तिचा सहा गिअरचा गिअरबॉक्स डब्ल्यूआरएक्सच्या पाच गिअरच्या बॉक्सपेक्षा कितीतरी दणकट आहे हे खरं. पण तिचा विमा महाग, सस्पेन्शन कडक, चोरांची नजर तिच्यावर अधिक, आणि आधीच्या मालकांनी तिला जास्त पिळलेलं असण्याची शक्यताही अधिक. साध्या डब्ल्यूआरएक्सची सव्वादोनशेच्या आसपासची अश्वशक्ती मोटरवेवर कोणालाही पुरून उरते.

इंजिनांत दोन लिटरचं अधिक सोसणारं. अडीच लिटरच्या टर्बो इंजिनात पिस्टनवर रिंग जिथे बसते तिथली कड तुटणं आणि हेड गॅस्केट जाणं, हे दोन आजार सर्वज्ञात आहेत. प्रत्येक हॉकआयला ते होतातच असं नाही. नीट सांभाळलेल्या, छेडछाड न झालेल्या गाड्या व्यवस्थित चालतात. पण गॅस्केटचं काम करायचं तर बहुतेक वेळा इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि तो खर्च अंगावर आला की स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्त राहत नाही.

म्हणजे दोन लिटरची ब्लॉबआय घ्यावी, इथपर्यंत सोपं आहे. पण तुमचा पत्ता हॅरो, वेम्बली किंवा हाउन्स्लोचा असेल तर गणित उलटतं. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो यूलेझ या कमी-प्रदूषण क्षेत्रात आले आहेत. पेट्रोल गाडी युरो ४ मानकात बसत नसेल तर गाडी रस्त्यावर काढलेल्या प्रत्येक दिवसाला साडेबारा पौंड पडतात, मग तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलात तरीही. महिन्याचे कामाचे बावीस दिवस धरले तर २७५ पौंड झाले. दोन लिटरच्या बहुतेक गाड्या या मानकात बसत नाहीत. बर्मिंगहॅमच्या मध्यभागातही २०२१ पासून असाच नियम आहे, तिथे दिवसाला आठ पौंड. म्हणून जाहिरात आवडली की विक्रेत्याला फोन करण्याआधी गाडीचा नंबर ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या साइटवर टाकून पाहा. ‘माझी चालते’ या तोंडी शब्दावर विसंबू नका.

रोड टॅक्सचाही एक बारकावा आहे. मार्च २००१ पासून मार्च २०१७ पर्यंत नोंदलेल्या गाड्यांचा टॅक्स त्यांच्या कार्बन उत्सर्जनावर ठरतो आणि इम्प्रेझा त्यात वरच्या टोकाला येते. मात्र २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली गाडी कितीही धूर सोडणारी असली तरी तिचा टॅक्स ‘के’ गटाच्या वर जात नाही. त्या तारखेपासून पुढची गाडी ‘एल’ किंवा ‘एम’ गटात जाते आणि वर्षाला सुमारे तीनशे पौंड जास्त पडतात. गाडी तीच, इंजिन तेच, फरक केवळ नोंदणीच्या तारखेचा. त्यामुळे लंडनमध्ये राहणाऱ्याने २००५ च्या अखेरीपासून मार्च २००६ पर्यंत नोंदलेली हॉकआय मुद्दाम शोधावी. त्यातली यूलेझला चालणारी मिळाली तर दोन्हीकडून फायदा. अशा गाड्या थोड्या आहेत, त्यामुळे शोधायला वेळ लागेल. रेडिंग, मिल्टन कीन्स, लीड्सकडे राहणाऱ्यांनी दोन लिटरचीच बघावी.

आता छेडछाडीबद्दल. सेकंडहँड इम्प्रेझा घेणाऱ्यांचे सर्वाधिक पैसे याच एका गोष्टीपायी जातात. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, तिच्या प्रमाणात पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमक्या क्षणी पाडायची हे काम गाडीचा संगणक करतो. त्यातला नकाशा बदलला, म्हणजे गाडी ‘रिमॅप’ केली, की ताकद वाढते. जाणत्या माणसाने गाडी रोलरवर चढवून, इंधन मोजून ते केलं असेल तर ठीक. पण हवेचा फिल्टर बदलला, सायलेन्सर मोठा बसवला, इंटरकूलर बदलला आणि नकाशा जुनाच ठेवला, असं झालं असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. मग उष्णता वाढते, ज्वाळा पोचण्याआधीच उरलेलं इंधन आपोआप पेट घेतं आणि प्रत्येक फेरीला पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतो. इंजिन लगेच बंद पडत नाही, कित्येक महिने चालत राहतं. नंतर एक दिवस ते मिसिंग मारू लागतं, ऑइल खाऊ लागतं, आणि उघडल्यावर पिस्टनची कड तुटलेली निघते. तोवर गाडी पुढच्या मालकाकडे आलेली असते.

म्हणून जाहिरातीत सुधारणांची लांबलचक यादी दिसली, की ती पुढच्या दुरुस्त्यांची यादी समजून वाचा. गिअर बदलताना फुस्स असा मोठा आवाज करणारा व्हॉल्व्ह बसवला असेल, तर तो मोजून घेतलेली हवा बाहेर टाकतो. या गाड्यांत हवा आत येतानाच मोजली जात असल्याने संगणक पेट्रोल देतो ते त्या निघून गेलेल्या हवेचंही. इंजिन त्याने लगेच बिघडत नाही, पण मालकाची आवड कशात होती ते कळतं. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली गाडी एमओटी या वार्षिक तपासणीत पास होत नाही. एमओटीपुरता तो चढवायचा आणि नंतर उतरवायचा, असं करणारे आहेत. तुम्ही रोज वापरणार आहात, ही कसरत तुम्हाला नको. कंपनीतून निघाली तशीच राहिलेली गाडी मिळाली, तर तिचा रंग आवडला नाही तरी ती घ्या.

गाडी बघायला जाण्याआधीचा अर्धा अभ्यास घरबसल्या होतो. सरकारच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनचे एमओटीचे निकाल फुकट दिसतात: कोणत्या वर्षी किती मैल झाले होते, कशावर नापास झाली, काय ‘लक्ष ठेवा’ म्हणून लिहून दिलं होतं. नापास होण्यापेक्षा मी या सूचनांकडे जास्त बारकाईने बघतो. मागच्या टायरची नक्षी झिजली, असा शेरा २०१९ ला आहे, २०२० लाही तोच आहे आणि २०२१ ला त्यावरून गाडी नापास झाली, तर हा मालक काम टाळता येईल तोवर टाळणारा आहे. ऑइलही त्याने असंच टाळत टाळत बदललं असणार. उलट, एका वर्षी बुश सैल आहे असा शेरा आणि पुढच्या वर्षी तो गायब, असं पुनःपुन्हा दिसलं तर ती गाडी बघायला जा. त्याशिवाय थोडे पैसे भरून इतिहास तपासून घ्या. गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीने ती कधी मोडीत काढली होती का, हे त्यात कळतं. ऑक्टोबर २०१७ पासून ‘कॅटेगरी एस’ म्हणजे सांगाड्याला मार बसलेली. असली गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. आणि व्ही५सी या कागदावर असतं ते नोंदणीकृत वापरणाऱ्याचं नाव, तो मालकीचा पुरावा नाही, हेही ध्यानात असू द्या.

गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा: ‘मी येईपर्यंत सुरू करू नका.’ पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर विचारा का सुरू केली होती. बॉनेट उघडून ऑइलची काठी काढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. या आडव्या, म्हणजे बॉक्सर इंजिनात काठीच्या एका बाजूला एक पातळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळीच दिसू शकते. त्यातली खालची खरी धरा. गाडी सपाट जागी असायला हवी. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही, नमस्कार करून परत या. टर्बो इंजिनात बेअरिंगं जातात ती बहुतांशी ऑइल कमी पडल्याने, आणि जो माणूस गाडी विकायला काढतानाही ऑइल बघत नाही त्याने वर्षभर काय केलं असेल! ऑइल भरायचं झाकण उघडून आत दुधी फेस आहे का पाहा, कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग आहे का तेही पाहा.

मग सुरू करायला सांगा आणि स्वतः बॉनेटपाशी उभे राहा. थंड इंजिनातून हलकी टकटक येईल. दोन लिटरच्या अनेक इंजिनांत पिस्टन थंड असताना किंचित सैल असतो, तो गरम होऊन फुगला की आवाज विरतो. ही टकटक चालते. घाबरायचं ते दुसऱ्या आवाजाला. तो इंजिनाच्या तळातून येतो, जड असतो, इंजिन गरम झाल्यावरही जात नाही, उलट स्पष्ट होतो. गाडी गरम करून आणा, मग उभ्या गाडीत अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत हळूच रेस करा आणि पाय सोडा. फेऱ्या उतरताना खालून ठक-ठक-ठक असा आवाज आला, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं आहे, इंजिन कामाला आलं आहे. ‘सुबारू अशीच वाजते’ असं विक्रेता म्हणेल. सुबारूचा सायलेन्सर घुमतो, तो आवाज वेगळा. दोन्ही आवाज ओळखणारा माणूस बरोबर असेल तर उत्तमच.

चालवताना पहिली दहा मिनिटं जोर लावू नका, विक्रेता लावायला सांगत असेल तर तोही कसा चालवत असेल याचा अंदाज घ्या. गरम झाल्यावर दुसरा आणि तिसरा गिअर जलद बदलून पाहा, कर्र वाजलं तर गिअरबॉक्स आतून झिजला आहे. पाच गिअरच्या बॉक्सला सिग्नलवरून झटक्यात उडवलेल्या सुरुवाती सोसत नाहीत. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, उड्या मारत वळली तर मधल्या डिफरन्शियलमध्ये बिघाड आहे. आणि उतरल्यावर चारही टायर बघा. चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने बसवले की पुढची-मागची चाकं सतत वेगवेगळ्या फेऱ्या घेतात आणि मधलं डिफरन्शियल विनाकारण तापत राहतं. एक टायर पंक्चर होऊन फाटला तर पुढे तुम्हालाही हाच नियम लागू आहे.

गंज ब्रिटनमध्ये सुटत नाही, हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. मागच्या चाकांवरची कमान, दारांखालचा पट्टा आणि डिकीत कापड बाजूला करून मागचा शॉक अॅब्सॉर्बर जिथे बसतो ती जागा, या तिन्ही ठिकाणी बोटाने चाचपून पाहा. जपानहून आयात झालेल्या गाड्या इथं बऱ्याच आहेत. तिथल्या बऱ्याच भागांत रस्त्यावर मीठ पडत नसल्याने नुकतीच आलेली गाडी खालून स्वच्छ असते, पण तिला इथल्यासारखा खालचा लेप नसतो, त्यामुळे इथं आल्यावर ती झपाट्याने गंजते. खालून ताजा काळा लेप मारलेली गाडी दिसली तर तो कधी मारला आणि त्याआधीचे फोटो आहेत का, विचारा. आयात गाडीबरोबर जपानी लिलावाचा कागद मिळतो का तेही पाहा. त्यावर श्रेणीच्या जागी ‘आर’ असेल तर गाडीला अपघात होऊन दुरुस्ती झालेली आहे. आयात झालेल्या गाड्या जपानमधल्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या असतात, त्यांना इथलं साधं पेट्रोल घालणं म्हणजे वर सांगितलेले पिस्टनवरचे घाव ओढवून घेणं. तसं कोणत्याही टर्बो इम्प्रेझात सुपर अनलेडेडच भरा. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे जास्त इथेनॉल मिसळलेलं, झालं आहे, हे आणखी एक कारण.

इतकं सगळं पटलं तरी पैसे देण्याआधी एखाद्या सुबारूवाल्या गॅरेजात नेऊन कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून घ्या. आडव्या इंजिनात प्लग काढणं किचकट असल्याने मजुरी लागते, ती द्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. या इंजिनांत चौथा सिलिंडर आधी दगा देतो असा अनेक मेकॅनिकांचा अनुभव आहे. विक्रेता चाचणीला नकार देत असेल तर तेच उत्तर समजा.

पैशांचं सांगायचं तर, जवळ आठ हजार पौंड असतील तर सहा हजारांपर्यंतची गाडी बघा. उरलेले दोन हजार पहिल्या वर्षी लागणारच आहेत. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि सोबत वॉटर पंप, टेन्शनर, रोलर एकदमच बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. विम्याचा आकडा गाडी बघण्याआधी काढा. इथं गाडी चालवून फार वर्षं झाली नसतील किंवा नो-क्लेम बोनस नसेल, तर नव्याने आलेल्याला तो आकडा धक्का देतो. एखाद्या गाडीत काही बदल केलेला असेल तर तो विमा कंपनीला सांगा, न सांगितल्यास अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. अॅव्हरेज गॅलनला वीस-पंचवीस मैल, म्हणजे लिटरला सात ते नऊ किलोमीटर मिळेल. आणि मायदेशी परतताना गाडी बरोबर नेऊ हा विचार मनात असेल तर तो सोडा. भारतात वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

विम्याचा आकडा परवडत नसेल आणि लहान मूल, स्ट्रोलर, इंडियन ग्रोसरीच्या पिशव्या असा संसार असेल, तर याच कंपनीची टर्बो फॉरेस्टर बघा. इंजिन त्याच कुळातलं, बसायला उंच, डिकी मोठी, आणि तिचे आधीचे मालक बहुधा कुत्री फिरवणारे, सौम्य हाताचे. मला विचाराल तर दोघांच्या पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला इम्प्रेझापेक्षा हीच अधिक साजेल, आणि ओल्या वळणावर चारही चाकांची पकड धरून जाण्याचा आनंद तिच्यातही पुरेपूर आहे.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, प्लग हे सगळं बदला, जुन्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. किती मैलांवर केलं ते लिहून ठेवा. पुढे दर पाच हजार मैलांच्या आत इंजिन ऑइल बदला आणि दर शनिवारी काठी बघा. सकाळी निघताना ऑइल गरम होईपर्यंत टर्बोला जोर लावू नका, म्हणजे कॉलनीतून मुख्य रस्त्याला लागल्यावरही सात-आठ मैल शांत. कूलंटचा काटा लवकर मध्यावर येतो, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. परततानाही शेवटचा मैल हळू आणा, की तापलेला टर्बो ऑइल फिरत असतानाच निवेल. पहिल्या हजार मैलांत ऑइल किती घटलं ते मोजा. अर्ध्या लिटरपेक्षा अधिक घटत असेल, तर हिवाळा सुरू व्हायची वाट न बघता गाडी गॅरेजला दाखवा.